तेवीस दगडांची विहीर

बिभीषण वारला त्याला येत्या मार्गशीर्षात वर्ष होईल. त्याच्यावर लिहावं असं त्याच्यात होतं काय, असं आमच्या गावात कुणीही विचारील. पुढारी नव्हता, पैलवान नव्हता, भजनात टाळसुद्धा धरता येत नव्हता. यारीवाला होता. यारी म्हणजे विहीर खणताना खालचा मुरूम, दगड, गाळ वर ओढायचं यंत्र. लोखंडी खांब, तारेचा दोर आणि डिझेलचं इंजिन. जामखेडहून खर्ड्याच्या वाटेला लागलं की दोन्ही अंगांना ज्या विहिरी दिसतात, त्यातल्या निम्म्यांना तरी त्याचा हात लागलेला आहे. माझं जामखेडला बी-बियाण्याचं दुकान आहे. बिलबुकापलीकडं मी जन्मात काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही एका आळीतले. त्याचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि हा आमच्या घरी जेवायला असायचा. माझी आई दोघांना एका ताटात वाढायची, आणि दूध-भाताच्या मधोमध मी बोटानं रेघ ओढायचो, म्हणजे माझ्याकडचं त्यानं खाऊ नये. त्यानं कधी खाल्लं नाही. मी त्याच्याकडचं खायचो. स्वभाव असे लहानपणीच दिसतात, आपण बघत नाही एवढंच.

आठवीतून शाळा सोडून तो विहिरींत उतरला तो उतरलाच. त्याचे दोन नेम होते. प्यायच्या पाण्याच्या विहिरीचा गाळ काढायचा तर मजुरी घ्यायची नाही. “प्यायच्या पान्याचं पैसं घेतलं तर हात झडत्याल,” म्हणायचा. आणि दुसरा नेम म्हणजे आसरांना विचारल्याशिवाय खाली उतरायचं नाही. आमच्याकडं विहिरीच्या काठाला सात दगड ओळीनं मांडून त्यांना शेंदूर लावतात. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. बिभीषण चपला लांब काढून यायचा, हळदीकुंकू वाहायचा, नारळ फोडायचा आणि घरातल्या बायकांशी बोलावं तसं म्हणायचा, “उतरतो गं बायांनो.” बुजलेली विहीर मात्र त्याला बघवत नसे. “बुजलेली हीर म्हंजी गळा दाबलेलं मानूस,” असं म्हणून तो खरंच तोंड फिरवायचा. आमच्या कोरड्या मुलखात हे वेड कुणालाही समजेल.

आता आफ्रिकेचं सांगतो. ते खूळ माझं. पुण्याला कृषी प्रदर्शनात मला एक व्यापारी भेटला. त्याचं सिएरा लिओन नावाच्या देशात किराण्याचं मोठं दुकान होतं. तो म्हणाला, आमच्याकडं कांदा युरोपातून जहाजानं येतो, आणि गरीब माणसं तो अर्धा-अर्धा विकत घेतात. इकडं भाव पडला की आम्ही नगरवाले कांदा रस्त्यावर ओततो, आणि तिकडं माणसं अर्धा कांदा घेतात! माझी झोप उडाली. मुलीच्या पुस्तकातल्या नकाशात तो देश शोधला. करंगळीच्या नखाएवढा. अकरा वर्षं तिथं यादवी युद्ध चाललं होतं आणि ते संपून पंधरा वर्षं झाली होती. “लढाई संपलेल्या देशात जमीन फुकटात मिळती,” असं मी चारचौघांत मोठ्या ऐटीत सांगत सुटलो. बायको म्हणाली, “दुरून डोंगर साजरे. इथली दोन एकर नीट करा आधी.” मी कुणाचं ऐकतो काय?

पाणी कळणारा माणूस हवा म्हणून बिभीषणाला गळ घातली. मी माझा एक प्लॉट विकला, त्यानं यारी विकली. यारी टेम्पोत चढवली तेव्हा तो इंजिनावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, “आप्पा, तू हायस ना, मग झालं.” माझ्यावरचा त्याचा विश्वास हा असा होता.

दोन हजार सतराच्या जानेवारीत आम्ही पहिल्यांदा गेलो. लाल माती, हिरवंगार रान, आणि रस्त्याकडेला जळालेली घरं. काही घरांच्या छपरांतून झाडं वर आलेली. लामिन नावाचा तिथलाच तिशीतला ड्रायव्हर आमचा दुभाष्याही होता, म्हणजे त्याची इंग्रजी आणि माझी नगरी इंग्रजी यांची कशीबशी सोयरीक जमली होती. वाटेत एका टपरीवर चहा प्यायलो. टपरीवाल्याला दोन्ही मनगटांपुढं हात नव्हते, लढाईत तोडलेले. चहा त्याची मुलगी देत होती. निघताना बिभीषणानं सवयीनं त्याला नमस्कार केला आणि मग स्वतःच्याच जोडलेल्या हातांकडं बघून इतका ओशाळला की पुढं तासभर गाडीत हात मांड्यांखाली घालून बसला. मी मात्र खिडकीतून जमीन मोजत होतो.

उत्तरेकडच्या एका गावात वीस एकर जमीन खंडानं ठरली. झाडाखाली गाव बसलं होतं. त्यांच्या रिवाजाप्रमाणं आम्ही ताटलीत कोलाची फळं ठेवली, मुखियानं त्यातलं एक फोडून वाटलं, आणि सगळं ठरल्यावर लामिन माझ्याकडं वळून म्हणाला, “गावाची एकच अट आहे. जमिनीच्या खालच्या अंगाला एक बुजवलेली विहीर आहे. तिला हात लावायचा नाही.” मी म्हणालो, “ओके, ओके.” बिभीषण तेव्हा लांब बांधावर माती चुरडून वास घेत होता. त्याला मी ही अट सांगितली नाही. मुद्दाम लपवली असंही नाही. मला ती अट वाटलीच नाही. आपल्याकडं नाही का सांगत, त्या चिंचेखालून जाऊ नको, अमावास्येला अमकं करू नको. तसलंच काहीतरी असेल म्हणून मी सोडून दिलं.

नोव्हेंबरात पुन्हा गेलो. गादीवाफे करून कांद्याचं बी टाकलं. रोप बोटभर वर आलं तेव्हा मी दुकानासाठी परत आलो आणि तो तिथं राहिला. त्याच्या शेजारच्या घरात सिरा नावाची म्हातारी एकटी राहायची. ती त्याला दोन्ही वेळा भात आणि पाल्याची भाजी पाठवायची. हा तिला “आजी” म्हणायचा आणि ती “आजी” ला ओ द्यायची. एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण संध्याकाळी दोघं दारात बसून गप्पा मारायचे, असं लामिन मला फोनवर हसत हसत सांगायचा. गावातली पोरं कामाला येत होती. रोप असं तरारलं होतं की बिभीषणानं पाठवलेले फोटो मी गिऱ्हाइकांना दाखवत बसायचो.

फेब्रुवारीत ओढा आटला. रोप लावणीला आलं आणि पाणी नाही. एका सोमवारी सकाळी त्याचा फोन आला. आवाजात काहीतरी वेगळंच होतं, आनंदानं भरल्यासारखं.

“आप्पा, खालच्या अंगाला एक जुनी हीर हाय. बुजवलेली. अन् काठाला गवतात सात दगड मांडल्यात, वळीनं. आपल्या आसरांवानी! मला तर भरूनच आलं बघ. एवढ्या लांब आल्या ह्या बाया!”

“मग बघतोस काय? काढ गाळ.”

“काढतो. लई पानी लागंल हितं. पन गावाला विचारलं हुतंस का तू ह्या हिरीचं? लामिन न्हाई, इंजिनाचा पार्ट आनायला शहरात गेलाय. मला ह्यांची भाषा येत न्हाई.”

दुकानात सहा गिऱ्हाइकं उभी होती. माझ्या डोळ्यांपुढं वाळणारं रोप होतं. अट आठवली, नाही असं नाही. चांगली आठवली.

“विचारलंय,” मी म्हणालो. “गावाची काय हरकत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी त्यानं गवत काढलं. फोन करून म्हणाला, “आसरा सात न्हाईत रं. तेवीस हायेत.” मी हसलो. “तिकडं बायाच जास्त असतील,” असं म्हणालो. तो पण हसला. ते हसणं आठवलं की आजही मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

त्यानं तेवीसही दगडांना कुंकू लावलं, नारळ फोडला आणि काम धरलं. गावातली पोरं त्या दिवसापासून यायची बंद झाली, तेव्हा तालुक्याच्या गावाहून दोन मजूर आणले. माणसं लांब उभी राहून बघायची, जवळ कुणी येईना. “देवाला भित्यात,” तो मला म्हणाला. सिरा म्हातारीकडून दोन दिवस भात आला नाही. ती आजारी असेल असं त्याला वाटलं, म्हणून हाच भात शिजवून तिच्या दारात ठेवून आला. त्या भाताला तिनं हात लावला नाही.

चौथ्या दिवशी, दीड पुरुष खोल गेल्यावर, एक रबरी चप्पल लागली. लहान मुलाची, तीन-चार वर्षांच्या. मग लाकडाचे ओंडके आणि त्यांच्याखाली हाडं.

तीस वर्षं विहिरी उपसणाऱ्या माणसाला हाडं नवी नसतात. कुत्रं, शेळी, काहीही पडतं. पण यारीवाल्याला माणसाचं हाड कळतं. तो वर आला. मजूर पळून गेले होते. काठाला सिरा येऊन बसली होती आणि तिनं दोन दगडांवर दोन हात ठेवले होते. त्यानं लावलेलं कुंकू ती अंगठ्यानं हळूहळू पुसत होती. बिभीषणानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्याला दूर सारलं नाही.

लामिन दुसऱ्या दिवशी आला. त्यानं सगळं सांगितलं. युद्धात एका पहाटे बंदूकवाले गावात शिरले. ज्यांना रानात पळता आलं ते वाचले. ज्यांना आलं नाही त्यांना त्या विहिरीत टाकलं. महिन्यांनी लोक परतले तेव्हा बाहेर काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी ओंडके टाकून माती लोटली आणि प्रत्येक घरानं आपल्या माणसागणिक एक दगड ठेवला. त्या गावात त्या विहिरीचं नाव कुणी काढत नसे, म्हणूनच त्याला अडवायलाही कुणी जवळ आलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी कसंबसं मिटवलेलं आमच्या कांद्यासाठी उघडलं गेलं.

गाव त्याच झाडाखाली बसलं. मुखियानं विचारलं, का केलंस? हे मला बिभीषणानंच फोनवर सांगितलं. “मी म्हनालो, मला देव वाटला. कुनाला इचारलं न्हाई. चूक माझी हाय.” मी फोन कानाला लावून गप्प राहिलो. मला वाटलं, घाबरून गेलाय, माझं बोलणं बिचाऱ्याच्या डोक्यातून निसटलं असेल. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला शिसारी येते, पण वाटलं.

गावानं ठरवलं की आता उघडलंच आहे तर अर्ध्यावर सोडायचं नाही. सगळ्यांना वर काढून रीतीनं पुरायचं. खाली उतरायला मात्र कुणाचं काळीज होईना, आणि कसं व्हावं? कुणाची आई होती, कुणाचा भाऊ. बिभीषण म्हणाला, मी उतरतो. यंत्र नाही, टिकाव नाही, हातानं. एकेक जण तो नव्या कापडात घेऊन शिडीनं वर यायचा. तीन महिने हेच चाललं. मी फोनवर ओरडलो, शिव्या दिल्या. “आपन कांदा लावायला गेलोय, मढी उकरायला न्हाई! रोप जळून चाललंय तिकडं!”

“रोप परत टाकता येतं, आप्पा,” एवढंच तो म्हणाला. मग फोन ठेवण्याआधी, “आज पंधरा झाले.”

रोप जळालं. गुंतवणूक गेली. त्याचं मी आता रडगाणं गात नाही, कारण मला ते रडायचा हक्क नाही.

हळूहळू गावातली माणसं काठाजवळ यायला लागली, वरून कापड धरायला लागली. एप्रिलमध्ये सिराची मुलगी सापडली. कमरेला तिथल्या बायका मण्यांच्या माळा घालतात, त्या निळ्या मण्यांवरून म्हातारीनं ओळखली. त्या रात्री सिराकडून भात आला. पण तिच्या दुसऱ्या दगडाचं माणूस मिळेना. मुलीच्या पाठीला बांधलेलं सहा महिन्यांचं लेकरू होतं. एवढ्याशा हाडांचं इतक्या वर्षांत काय उरतं? बिभीषणानं खालचा सगळा गाळ वर आणला आणि आमचं कांद्याचं बी चाळायची चाळणी घेऊन ओंजळ-ओंजळ चाळला. म्हातारी समोर बसायची आणि तो चाळायचा. वीस दिवस त्यानं दुसरं काही केलं नाही.

मेमध्ये तिथला पाऊस लागला. कड ढासळली आणि विहीर पुन्हा मातीनं भरली. बावीस दगड नव्या कबरींपाशी गेले. एक तिथंच राहिला. निघताना सिरानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि हा विमानतळापर्यंत लहान पोरासारखा रडत आला, असं लामिन म्हणाला.

घरी आला तो अर्धा होऊन. त्यानंतर तो कुठल्याच विहिरीत उतरला नाही. लोक बोलवायला यायचे, तो नुसती मान हलवायचा. शेतात होईल तेवढं करायचा. आणि रोज सकाळी दहाला माझ्या दुकानात यायचा. खताच्या पोत्यावर बसायचा. मी चहा मागवायचो. तो बशीत ओतून सावकाश प्यायचा, माझ्याकडं बघायचा, पावसापाण्याचे चार शब्द बोलायचा आणि अकराला उठायचा. कोरोनातली बंदी सोडली तर साडेसहा वर्षांत यात खंड पडला नाही. मला वाटायचं, यारी गेली, हाताला काम नाही, वेळ जात नाही म्हणून येतो. कधी कधी गर्दीच्या दिवसांत मी वैतागायचो. पोरगा माल उतरवत असायचा, गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं आणि हा आपला समोर बसलेला. एकदा तर मी बोललोही, “बिभ्या, तुला दुसरा उद्योग न्हाई का रं?” तो म्हणाला, “न्हाई.” आणि दुसऱ्या दिवशी दहाला हजर.

सांगायचं माझ्या मनात नव्हतं असं समजू नका. कितीदा तरी जिभेवर आलं होतं. पण मग वाटायचं, तो विसरलाय, स्वतःला दोष देऊन का होईना शांत झालाय. आता कशाला खपली काढा. आपल्याला नको असलेल्या गोष्टीला आपण दुसऱ्याच्या सुखाचं नाव देतो, त्यात माझ्यासारखा तरबेज कुणी नसेल.

गेल्या वर्षी त्याची छाती गेली. दगडाची धूळ तीस वर्षं आत साचत होती. नगरच्या दवाखान्यात ठेवलं होतं; आता अहिल्यानगर म्हणतात, पण आजाऱ्याला आम्ही अजून नगरलाच नेतो. भेटायला गेलो तेव्हा नाकाला नळी होती. एस.टी.त बसल्यापासून मी मनात वाक्यं जुळवत होतो. त्यानं माझा हात धरला आणि डोळे माझ्या तोंडावर लावले. खूप वेळ लावले. मी म्हणालो, “कांद्याला यंदा बरा भाव हाय.” त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, थकला असेल. तिसऱ्या दिवशी गेला.

तेरावं झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको मुक्ताबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. मी खाली बसलो आणि मला राहवलं नाही. म्हणालो, “वहिनी, मला एक सांगायचंय. त्या हिरीचं. ती चूक त्याची नव्हती.”

तिनं सूप थांबवलं नाही.

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “ह्येंनाबी ठावं हुतं. गाव बसायच्या आदीच त्या लामिननं सांगितलं हुतं, की तुमास्नी अट घातली हुती म्हून.”

मी कसंबसं विचारलं, “मग मला कधी बोलला का न्हाई?”

“मी लई म्हनले, भांडा, चार शिव्या द्या, मोकळं व्हा. तर म्हनायचे, आप्पानं आपल्या तोंडानं सांगितलं पायजे, मी काढून घेनार न्हाई. एका ताटात जेवलोय आमी.” तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. “रोज त्याचसाठी यायचे, भाऊजी, तुमच्याकडं. माघारी आले की मी दारातच विचारायची, बोलले का आप्पा? चपला काढता काढता म्हनायचे, आज न्हाई. उद्या बोलंल.”